साक्षीदाराला मौन नाही

ज्या हक्कावर मी आयुष्यभर वर्गात बडबड केली, तो मला लागूच नाही, ही गोष्ट एका पोलीस शिपायाने माझ्या दारात उभं राहून मला सांगितली. वर, "सर, मी तुमच्याच कॉलेजात होतो, पहिल्या वर्षी नापास झालो," हेही सांगितलं. त्याच्या हातात समन्स होतं. विशाखा खिल्लारे हिच्यावरच्या खटल्यात साक्षीदार म्हणून तिच्या बापाने, म्हणजे उत्तम खिल्लारे याने, स्मृतिवाचन केंद्रात हजर व्हावं.

"मी साक्ष देणार नाही," मी म्हणालो. "राज्यघटना, कलम वीस, पोटकलम तीन. स्वतःविरुद्ध..."

"तुमच्याविरुद्ध नाही सर, ताईंच्या विरुद्ध. अन् ते कलम आरोपीसाठी हाय म्हणून खाली छापलंय बघा." त्याने बोट ठेवून दाखवलं. "तुम्ही साक्षीदार हायत."

मी सही केली, त्याला पाणी विचारलं आणि दार लावून घेतलं. मग जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसलो. सगळं घडलं ते याच टेबलावर.

विशाखा माझी एकुलती एक मुलगी. तिची आई गेल्यापासून नांदेडच्या या घरात आम्ही दोघंच. शहराचं पाणी वाटणाऱ्या कंपनीत ती इंजिनिअर होती. कुठल्या भागाला किती वेळ पाणी सोडायचं हे आता माणसं ठरवत नाहीत, कंपनीची प्रणाली ठरवते. मे महिन्यात प्रणालीने रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीचं पाणी बंद केलं. तिथे मोठी हॉटेलं नव्हती, दवाखाने नव्हते, म्हणजे प्रणालीच्या हिशेबात तहानही कमी असावी. विशाखा साहेबांकडे खेटे घालून थकली. एका दुपारी ती जेवायला घरी आली, ताट बाजूला सारलं, टॅबलेट पुढे ओढला, प्रणालीचं कुलूप काढलं आणि वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला. मी समोर बसून भाकरी खात होतो. मी सगळं पाहिलं. मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

त्याच वेळी त्या लाइनीच्या खालच्या टोकाला, खड्ड्यात उतरून, गंगाधर तेलंग नावाचा कंत्राटी कामगार पाइप जोडत होता. प्रणालीत तो खड्डा रिकामा दाखवला होता. पाणी इतक्या जोरात आलं की त्याला वर चढता आलं नाही.

सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. कुलूप काढू शकतील असे इंजिनिअर कंपनीत बरेच होते. संशय विशाखावर होता, पण त्या वेळी ती जेवायला घरी होती, यापलीकडे पोलिसांच्या हाती काही नव्हतं. तिला अटक झाली तेव्हा मी तिला एकच गोष्ट बजावली होती, तोंड उघडायचं नाही. आणि तिने उघडलं नाही. आता पुरावा जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, तो म्हणजे माझं डोकं.

*

केंद्र जुन्या दूध डेअरीच्या इमारतीत होतं. तंत्रज्ञ नाझनीन शेख, तिशीतली मुलगी, माझ्या डोक्यावर हेल्मेट बसवताना इतक्या हलक्या हाताने वागत होती की मला तिचा राग धरता येईना.

"आज वाचन नाही, सर. आज फक्त मशीन तुम्हाला ओळखणार."

मी विज्ञानाचा माणूस नाही, पण तिने समजावलं ते मला कळलं. आठवण ही मेंदूत ठेवलेली फिल्म नसते. एखादी गोष्ट पाहताना पेशींचा एक विशिष्ट गट जागा होतो. ती गोष्ट आठवली की बराचसा तोच गट पुन्हा जागा होतो. पेशी जाग्या झाल्या की अतिशय क्षीण असं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हेल्मेट टिपतं. पण माझ्या मेंदूतला आंब्याचा गट आणि तुमच्या मेंदूतला आंब्याचा गट वेगळा. म्हणून आधी शेकडो चित्रं दाखवून यंत्र प्रत्येकाची ठेवण शिकून घेतं. मग ते उलटा प्रवास करतं. पेशींवरून चित्र रंगवतं.

"म्हणजे मी आठवलंच नाही तर?" मी विचारलं.

तिने चित्रं सुरू केली. पडद्यावर आंबा आला, बस स्टँड आलं, कुत्रं आलं. मी तयारी करून गेलो होतो. मनातल्या मनात एकोणतिसाचा पाढा सुरू केला होता.

"पाढे म्हणताय का सर? सगळेच म्हणतात. परवा एक आजी अख्खा वेळ आरत्या म्हणत होत्या." असं म्हणून तिने एक आवाज लावला. रिकाम्या स्टीलच्या हंड्यात नळाची पहिली धार पडते ना, तो. एकोणतीस सत्ते अर्ध्यावरच राहिलं. समोरच्या पडद्यावर तपकिरी धब्बा उमटला, त्याला कडा आल्या, आणि ते आमचं जेवणाचं टेबल होतं.

नाझनीनने झटकन पडदा बंद केला. "हे आज मोजत नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला कळावं म्हणून दाखवलं. जिभेला आवरता येतं सर, याला नाही. उगाच जीवाला त्रास करून घेऊ नका."

मी घरी चालत आलो. वाटेत दोनदा रस्ता चुकलो, स्वतःच्या शहरात.

*

अ‍ॅडव्होकेट रेणुका गड्डमवार माझी विद्यार्थिनी आणि विशाखाची वकील. कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर तिचं ऑफिस आहे. माझी घाबरगुंडी उडाली की मी शिकवायला लागतो, हे तिला ठाऊक आहे.

"हा हक्क आला कुठून, सांग बरं," मी खुर्चीत बसता बसता म्हणालो.

"सर, आता परीक्षा घेऊ नका."

मी घेतलीच. लंडनमध्ये सतराव्या शतकात एका तरुणाने, मी शपथेवर माझ्याविरुद्ध बोलणार नाही, असं म्हणायची हिंमत केली आणि त्याला गाडीमागे बांधून रस्ताभर फटके मारत नेलं. ते फटके लोकांच्या लक्षात राहिले. सव्वाशे-दीडशे वर्षांनी समुद्रापलीकडे व्हर्जिनियात लोकांनी माणसाच्या हक्कांची जाहीर घोषणा लिहिली, तिच्यात वाक्य आलं की कुणालाही स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला भाग पाडता येणार नाही. लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम राबत होते, ते असो. तिथून ते अमेरिकेच्या राज्यघटनेत गेलं. तिथून जगभर फिरत फिरत आमच्या संविधान सभेच्या टेबलावर आलं. माझे आजोबा गावाच्या वेशीबाहेर राहणारे. ज्या पुस्तकाने त्यांना माणूस म्हटलं, त्या पुस्तकात हे वाक्य आहे, म्हणून मी ते जन्मभर डोक्यावर घेतलं.

"आणि त्यात चूक कुठं झाली?" रेणुकाने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. मला थोडा वेळ बोलू द्यावं म्हणून विचारलं.

"लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे एकच चित्र होतं गं. राजाचे अंमलदार बसलेत आणि समोर एकटा माणूस उभा आहे. त्या माणसाचा बाप दाराबाहेर उभा असेल, हे कुणाला दिसलंच नाही. पुढच्या प्रत्येकाने ते वाक्य घेतलं, थोडं घासूनपुसून घेतलं, पण बाप दाराबाहेरच राहिला. आपल्याकडे तर स्वच्छ लिहिलंय, आरोपीला. त्यांना ज्याची भीती वाटली त्याच्याविरुद्ध त्यांनी भिंत बांधली. डोक्यात शिरणारं हेल्मेट येईल अशी भीती कुणाला वाटणार होती?"

"पूर्वी कोर्टाने म्हटलं होतं, कुणाच्याच मेंदूवर बळजबरी नको," रेणुका म्हणाली. "नव्या कायद्याने त्यातून साक्षीदार वगळले. त्याला आव्हान दिलंय, ते पडून आहे. साक्षीदाराच्या तोंडून निघालेलं त्याच्यावरच उलटवायचं नाही, ही जुनी सवलतसुद्धा त्यांनी गाळली. आणि नवरा-बायकोला थोडंफार तरी संरक्षण आहे सर. बापलेकीला काहीच नाही."

"मग मला आरोपी कर."

ती हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. "असलं काही करू नका सर. मला विचारल्याशिवाय काहीच करू नका."

मी हो म्हणालो.

*

त्याच आठवड्यात जेलमध्ये विशाखाची भेट मिळाली. मध्ये काच, कानाला फोन, पाठीमागे हवालदार. ती वाळली होती.

"जेवतेस का?"

"जेवते. पप्पा, मागच्या तारखेला मंजुळा आली होती. गंगाधरची बायको. मला वाटलं शिव्या देईल. काहीच बोलली नाही. नुसती माझ्याकडं बघायली."

"तू तिच्याकडे बघायचं नाही."

"मला बोलायचंय पप्पा."

"तोंड उघडायचं नाही." मी इतक्या जोरात म्हणालो की हवालदाराने मान वर केली. "तुला काय वाटायलं, हा हक्क आभाळातून पडला? माणसांनी पाठीवर फटके घेतलेत त्याच्यासाठी. तू तो असा फेकून द्यायचा नाहीस."

"हक्क हाय का शिक्षा हाय हेच कळंना मला," ती म्हणाली. "रात्रंदिवस तोंडाला कुलूप. माझं नाही, तुम्ही लावलेलं."

वेळ संपली म्हणून हवालदाराने फोन काढून घेतला. काचेपलीकडे तिचे ओठ हलत होते. मला काही ऐकू आलं नाही आणि खरं सांगायचं तर ऐकायचंही नव्हतं. मला फक्त ती सुटायला हवी होती. न्याय, सत्य, गंगाधर, सगळं नंतर.

*

मी रेणुकाला न विचारता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गेलो. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला किंमत नसते, म्हणून सरळ तिथेच. दंडाधिकारी माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पोलिसांना बाहेर काढलं आणि कायद्याने सांगितलेलं सगळं मला सांगितलं. तुम्ही कबुली द्यायला बांधील नाही. दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. कुणी धमकावलंय का? आमिष दाखवलंय का? मग मला विचार करायला उद्यापर्यंतचा वेळ दिला. ही वाक्यं मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिली होती आणि आज पहिल्यांदा कुणीतरी ती माझ्यासाठी उच्चारत होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोटं बोललो. विशाखा आंघोळीला गेली होती. टॅबलेट टेबलावर उघडा होता. कुलूप कसं काढायचं हे तिने मला एकदा गमतीने दाखवलं होतं. व्हॉल्व्ह मी उघडला. मी अजिबात अडखळलो नाही. न पाहिलेल्या गोष्टी ठासून सांगणं हाच तर माझा धंदा होता.

मला अटक झाली. सरकारी वकील जहागीरदार स्वतः भेटायला आले. उंच, मऊ आवाजाचे गृहस्थ.

"खिल्लारे सर, तुमची कबुली खरी असेल तर स्मृतिवाचनाला संमती द्या. पाच मिनिटांत सिद्ध होईल."

"आरोपी म्हणून माझा नकार आहे," मी म्हणालो. ते वाक्य तोंडातून निघताना मला जी धुंदी चढली ती काय सांगू. हेल्मेट आता मला शिवू शकत नव्हतं. जहागीरदारांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, "ठीक आहे," म्हणाले आणि निघून गेले. त्यांना राग आला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

रेणुका आली ती बसलीच नाही. गजाला धरून उभी राहिली.

"सर, तुम्ही काय करून बसलात?"

"तिला सोडवलं."

"हो, सोडवलं. जहागीरदारांनी तिच्यावरचा खटला काढून घेतला. आज दुपारी ती घरी जाईल." ती श्वास घ्यायला थांबली. "म्हणजे ती आता आरोपी नाही. कळतंय का तुम्हाला? तुमच्या खटल्यात ती साक्षीदार आहे. सोमवारी तिला हेल्मेट घालणार. त्यात सगळं निघेल, आणि मग तिलाच पुन्हा आत घेतील. वाचनाच्या वेळी ती आरोपी नव्हती, म्हणून तो पुरावा चालतो."

पायाखालची फरशी सरकली म्हणतात ते खोटं नाही. मी खरोखर भिंतीला हात लावला.

"एकच रेनकोट होता सर," रेणुका म्हणाली, "तो तुम्ही तिच्या अंगावरून काढून स्वतः घातलात."

इतकी वर्षं मी शिकवलं की हे हक्क व्यक्तीचे असतात, एकेका व्यक्तीचे. घोषणा लिहिणाऱ्यांनी कुळ, जात, घराणं सगळं बाजूला सारून एकटा माणूस निवडला आणि त्याला हक्क दिला, तेच तर त्यांचं मोठेपण. परीक्षेत हा प्रश्न मी हमखास टाकायचो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी बापासारखा वागलो. घरातली वस्तू एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवावी तसा तो हक्क मी हलवायला गेलो. मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. रेणुका ओरडली तेव्हा थांबलो.

*

विशाखा भेटायला आली. आता काचेच्या आतल्या बाजूला मी होतो.

"घरी जाऊन आले," ती म्हणाली. "टेबलावर धूळ बसलीय."

"विशू, मी जबाब मागे घेतो. आजच सांगतो."

"मग पुन्हा साक्षीदार म्हणून तुम्हाला हेल्मेटखाली बसवतील."

"बसवू दे."

"अन् त्यात मीच दिसणार ना?"

मी दुसरा मार्ग काढला, तिसरा काढला. परदेशी जा म्हणालो. आजारी पड म्हणालो. डोक्याला इजा झालेल्या माणसाचं वाचन होत नाही असं कुठेतरी वाचल्याचं मला आठवलं आणि मी तेही बोलून गेलो, माझ्या पोटच्या मुलीला.

"पप्पा, एक सांगा. हा गप्प राहायचा हक्क माझा हाय ना?"

"तुझाच आहे."

"तुमचा नाही?"

मला तिचा रोख कळला. "विशू, पाया पडतो तुझ्या."

"माझा हाय, तर वापरायचा का नाही हे मी ठरवीन. मी शपथ घ्यायच्या आधीच, व्हॉल्व्ह मी उघडला म्हणून कोर्टात सांगणार हाय. म्हणजे मी पुन्हा आरोपी. मग कुणालाच बसवायची गरज नाही."

"दहा वर्षं जातील!"

"गंगाधरची किती गेली?"

मी काचेवर मूठ मारली. हवालदार धावला. मी तिला काय काय बोललो ते आता लिहवत नाही. मूर्ख म्हणालो, कृतघ्न म्हणालो. ती रडत होती पण फोन तिने खाली ठेवला नाही, माझं बोलणं संपेपर्यंत कानाशी धरून बसली.

*

तिने सांगितलं. सत्र न्यायाधीशांनी तिला थांबवलं, समज दिली, रेणुकाशी बोलायला लावलं, पुढची तारीख दिली. त्या तारखेलाही तिने तेच सांगितलं. मला पिंजऱ्यातून काढून मागच्या बाकावर बसवलं. खोटी कबुली दिल्याबद्दल माझं काय करायचं ते नंतर बघू, असं न्यायाधीश म्हणाले. माझ्या पुढच्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती. तिने वळून पाहिलं तेव्हा कळलं, ही मंजुळा. केवढीशी पोर होती ती.

जहागीरदार उठले. "महाराज, आधी बापाने कबुली दिली, आता मुलीने. बापाच्या वेळी आम्ही फसलो. या वेळी तरी पडताळणी हवी."

"माझं वाचन करा," विशाखा म्हणाली. "मी संमती देते. पण माझंच. पप्पांना बोलवायचं नाही."

रेणुकाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी संमती दोनदा विचारून घेतली.

यंत्राने तिला ओळखून घ्यायच्या बैठका आधी झाल्या आणि एका सकाळी कोर्टातच यंत्र मांडलं. नाझनीनने पिंजऱ्यात बसलेल्या विशाखाच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, तितक्याच हलक्या हाताने. नळाचा तोच आवाज लावला. पडदा ढवळला. दोन हात आले, ओल्या काचेतून दिसावेत तसे. टॅबलेट आला. बोटं एकेक पायरी चढत कुलपापर्यंत गेली, कुलूप निघालं, हिरवं बटण आलं. जहागीरदार खुर्चीत मागे टेकले. त्यांचं काम झालं होतं.

पण बोट बटणावर पडलं नाही. ते तिथेच अधांतरी राहिलं आणि चित्र वर उचललं गेलं. भाकरीचं ताट आलं, आणि ताटामागे एक चेहरा. बाकी सगळं धूसर असताना तो चेहरा लख्ख होता. गालावर दाढी करताना कापलेलं दिसत होतं.

"ओळख जितकी जुनी, तितका चेहरा स्वच्छ येतो," नाझनीन हळू आवाजात न्यायाधीशांना म्हणाली.

पडद्यावरचा माणूस मी होतो. ती माझ्याकडे बघत थांबली होती. बराच वेळ थांबली होती. आणि मी, तोंडात घास असताना, मान हलवली. हो. मगच बोट खाली आलं.

मला हे आठवत नाही. माझ्या आठवणीत ती मान खाली घालून काम करतेय आणि मी कौतुकाने बघतोय. तिने एकदाही वर पाहिलेलं नाही. माझं वाचन केलं असतं तर कदाचित तेवढंच निघालं असतं, आणि मी शपथेवर सांगितलं असतं की निर्णय तिचा एकटीचा होता. जे झाकण्यासाठी मी खोटं बोललो, तुरुंगात गेलो, तिच्यावर ओरडलो, त्यात हे होतं आणि मला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. काचेपलीकडे बसून माझं सगळं ऐकून घेताना तिला ते ठाऊक होतं.

"ही व्यक्ती कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मला उत्तर द्यायचं नाही," विशाखा म्हणाली.

"तुम्ही गुन्हा कबूल केला आहे."

"माझ्यापुरता केलाय."

जहागीरदार सावकाश मागे वळले. सगळं कोर्ट वळलं. "महाराज," ते म्हणाले, "मागे बसलेल्या या गृहस्थांना साक्षीदार म्हणून..."

मी उठलो. बाकांमधून वाट काढत पुढे गेलो. पिंजऱ्याजवळच्या शिपायाला काय करावं सुचेना, त्याने दार उघडून धरलं.

"खिल्लारे, तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही," न्यायाधीश म्हणाले.

"माहीत आहे, महाराज. ती मान माझी आहे. आरोपी म्हणून लिहून घ्या."

"पप्पा, नको ना," विशाखा कुजबुजली. मी आत गेलो. तिने बाजूला सरकून मला जागा केली.

कोर्टात गलका झाला. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. गलका शमतो न शमतो तोच मंजुळा तेलंग उठून उभी राहिली. इतक्या महिन्यांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं. ज्यांना तिला विचारायचं होतं ती माणसं गप्प होती.

"साहेब, मला एकच इचारायचंय यास्नी."

"बाई, तुम्ही खाली बसा. असं मध्ये बोलता येत नाही."

ती बसली नाही. ती आमच्याकडे बघत होती, आळीपाळीने, बापाकडे आणि लेकीकडे. "माझा मालक त्या खड्ड्यात होता, हे तुम्हाला ठावं होतं का?"

रेणुकाने माझ्याकडे पाहून जोरात मान हलवली. गप्प राहा. हक्क होता मला. आता तो पुरता माझा होता.

"नव्हतं माहीत, बाई," मी म्हणालो. "आम्ही कुणाला विचारलंच नाही."

"खाली कुणी हाय का, एवढं तरी इचारायचं," ती म्हणाली आणि खाली बसली.